‘वरनं आर्डर हाय’ : लस, घंटागाडी आणि तोंडी गेलेली नोकरी

सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका नगरपरिषदेत, २ डिसेंबर २०२१ च्या सकाळी घंटागाडीवरच्या एका कामगार बाईला हजेरीच्या जागेवरून परत पाठवलं गेलं. वय ४१, काम घंटागाडीच्या मागे उभं राहून ओला-सुका कचरा वेगळा करून घेण्याचं. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, “अक्का, लशीचं सर्टिफिकेट दावा आन् मग या. वरनं आर्डर हाय.” ती ऑर्डर अक्कांना कुणी दाखवली नाही. संध्याकाळपर्यंत हजेरीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून त्यांचा नंबर काढलेला होता.

कंत्राटी सफाई कामगारांच्या अभ्यासवर्गासाठी हे प्रकरण रचलं आहे. त्यातली माणसं, नगरपरिषद आणि ठेकेदार कुठल्याही एका गावात शोधू नयेत. सरकारी आदेश, कायदे, निकाल आणि त्यांच्या तारखा मात्र खऱ्या आहेत. लशीच्या सक्तीवर आपल्याकडे बोलणं सुरू झालं की ते थेट सर्वोच्च न्यायालयात आणि शरीरस्वातंत्र्यावर जाऊन पोहोचतं. ज्यांची नोकरी खरोखर गेली त्यांचा प्रश्न बऱ्याचदा फार खालच्या पायरीवर अडकला होता: काढल्याचा कागदच नव्हता. हे प्रकरण त्या पायरीबद्दल आहे.

अक्का लशीविना का राहिल्या?

सुपरवायझरला विचारलं तर उत्तर सोपं होतं: “भ्याल्या.” भीती होतीच, आणि ती मी झाकणार नाही. पण नुसत्या भीतीवर हिशेब लागत नाही. तारखा एका खाली एक मांडल्या की लागतो.

देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं, आधी आरोग्य कर्मचारी आणि फेब्रुवारीपासून आघाडीवरचे इतर कर्मचारी. पालिकांचे सफाई कामगार या दुसऱ्या गटात होते. त्यांची नावं संबंधित विभागाने कोविनवर चढवायची होती. नगरपरिषदेने आपल्या आस्थापनेवरच्या कायम लोकांची यादी दिली. ठेक्यावरच्या लोकांची यादी ठेकेदाराने द्यायची, असं गृहीत धरलं गेलं. मार्चअखेर जुन्या ठेक्याची मुदत संपत होती. जाणारा ठेकेदार यादी कशाला देईल? नवा १ एप्रिलला आला. ३ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आरोग्य आणि आघाडीच्या कर्मचाऱ्यांची नवी नोंदणी थांबवली, कारण या गटाच्या नावाखाली अपात्र लोक लस घेत असल्याच्या तक्रारी होत्या. अक्कांचं दार तिथे पहिल्यांदा बंद झालं.

१ मेपासून १८ ते ४४ वयोगट खुला झाला. साठाच नव्हता म्हणून महाराष्ट्राने तो मेच्या मध्यालाच थांबवला आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर पुन्हा चालू केला. तेव्हा स्लॉट मोबाइलवर मिळायचे आणि काही मिनिटांत संपायचे. अक्कांच्या घरातला एकमेव स्मार्टफोन मुलाकडे, आणि मुलगा कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीवर.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कृष्णेला महापूर आला. पाणी ओसरल्यावर गल्ल्यांमधून जो गाळ, भिजलेलं धान्य, गाद्या आणि मेलेली जनावरं निघाली ती उचलायला कोण होतं, हे त्या पट्ट्यात कुणाला सांगावं लागत नाही. घंटागाड्या त्या दिवसांत घंटा न वाजवता दोन-दोन पाळ्यांत फिरत होत्या. सांगली-सातारा-कोल्हापुरात रुग्णांचं प्रमाण तेव्हा राज्याच्या मानाने जास्त होतं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला इतर जिल्हे सैल होत असताना इथले निर्बंध कायम ठेवावे लागले होते. ऑगस्टमध्ये अक्कांची अँटिजेन चाचणी पॉझिटिव्ह आली. वीस ऑगस्टच्या सुमारास त्या बऱ्या झाल्या.

आता इथे केंद्राचाच नियम आडवा आला. कोरोना होऊन गेलेल्याने बरं झाल्यावर तीन महिने थांबून लस घ्यायची, हे मे २०२१ मध्ये ठरलं होतं. म्हणजे २० नोव्हेंबरपर्यंत अक्कांनी लस घेतली नाही ती नियमाप्रमाणेच. त्यानंतरच्या दिवसांचं मात्र त्यांनाच उत्तर द्यावं लागतं. ‘हर घर दस्तक’ मोहिमेत आशाताई नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दारात आल्या होत्या. अक्का म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात घेते. कारण विचारल्यावर त्यांनी दिराचं नाव काढलं, जो मेमध्ये लस घेतल्यावर काही दिवसांतच गेला होता. बहुधा संसर्ग आधीच झाला असावा, पण घरात ते कोण मानणार. मग थोडं थांबून त्यांनी दुसरं कारण सांगितलं आणि माझ्या मते खरं वजन त्याच कारणाला आहे. लशीनंतर ताप येतो, तापात दोन दिवस खाडा होतो, आणि खाड्याचा पगार मिळत नाही. ऑगस्टच्या आजारपणात पगार कापला गेला होता, त्याची उसनवार अजून फिटायची होती. लशीच्या दुसऱ्या दिवशी भरपगारी सुट्टी देऊ, एवढं एक वाक्य ठेकेदाराने सप्टेंबरात म्हटलं असतं तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं, असं मला वाटतं.

ऑर्डर होती तरी काय?

ऑर्डर म्हणून ज्याचा उल्लेख झाला ते खरं म्हणजे दोन निरनिराळे कागद होते.

पहिला राज्य सरकारचा, २७ नोव्हेंबर २०२१ चा. जागतिक आरोग्य संघटनेने ओमायक्रॉनचं नाव जाहीर केलं त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. आस्थापनांमध्ये काम करणारे लोक पूर्ण लसवंत असावेत, सार्वजनिक वाहतूक पूर्ण लसवंतांसाठीच, असं त्यात होतं. ‘पूर्ण लसवंत’ म्हणजे दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस झालेला माणूस. वैद्यकीय कारणाने लस घेता येत नसेल तर डॉक्टरच्या प्रमाणपत्रावर सूट. नियम मोडणाऱ्या व्यक्तीला ५०० रुपये दंड. संस्थेच्या आवारात कुणी नियम मोडला तर संस्थेला १० हजार, आणि संस्थाच नियम पाळत नसेल तर ५० हजार. कामावरून काढा, असं त्यात कुठेही नव्हतं.

दुसरा कागद नगरपरिषदेचा. मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचं, सर्व विभागप्रमुखांना उद्देशून अंतर्गत परिपत्रक: लस घेतल्याचं प्रमाणपत्र सादर न करणाऱ्या कर्मचाऱ्यांचं वेतन अदा करू नये. असं करणारी ही एकटी संस्था नव्हती. त्याच नोव्हेंबरात ठाणे महापालिकेने पहिला डोसही न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखण्याचं जाहीर केलं होतं. पंजाब सरकारने डिसेंबरात पगार प्रमाणपत्राशी जोडला. दिल्ली सरकारने त्याआधीच, १६ ऑक्टोबरपासून, एकही डोस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयात येऊ न देता रजेवर धरायला सुरुवात केली होती.

आरोग्य निरीक्षकाने परिपत्रकाचा फोटो ठेकेदाराला पाठवला. खाली एक ओळ: ‘आपल्याकडील कामगारांबाबत तातडीने कार्यवाही करावी.’ ठेकेदाराच्या डोळ्यांसमोर ५० हजारांचा दंड आणि मार्चमधलं बिल. त्याने ‘वेतन अदा करू नये’ याचा अर्थ ‘कामावर घेऊ नये’ असा लावला. कुणाकडूनही क्रूरपणा म्हणून हे झालं असं मी म्हणणार नाही. डेल्टाच्या लाटेत ज्यांनी ऑक्सिजनसाठी फोन फिरवले होते तेच अधिकारी ओमायक्रॉनच्या बातम्या वाचत होते. घरोघरी जाणाऱ्या माणसाने लस घ्यावी, ही अपेक्षाही चुकीची नव्हती. लस आजार गंभीर होण्यापासून आणि मृत्यूपासून वाचवत होती, याबद्दलही वाद घालायचं कारण नाही. अडचण अशी की वरून निघालेला ‘पगार थांबवा’ खाली पोहोचेपर्यंत ‘माणूस थांबवा’ झाला आणि हा बदल कुणाच्याच सहीने झाला नाही.

तात्यांचा पगार

त्याच आरोग्य विभागात, त्याच गल्ल्यांमध्ये तात्या होते. कायम सफाई कामगार, निवृत्तीला काही वर्षं बाकी. त्यांनीही लस घेतली नव्हती, आणि त्यांना ना कोरोना झाला होता ना त्यांच्याकडे कुठला नियम होता. नको म्हणजे नको. परिपत्रकानंतर त्यांचा नोव्हेंबरचा पगार थांबला. तात्या रोज कामावर येत राहिले, हजेरीपुस्तकात सही करत राहिले. संघटनेच्या माणसाने त्यांना एक अर्ज लिहून दिला: माझं वेतन कोणत्या नियमाखाली रोखलं ते लेखी कळवावं. अर्जावर आवक क्रमांक पडला. नगरपरिषदेच्या कायम नोकराला काढायचं तर नोटीस, दोषारोप, चौकशी हे सगळं करावं लागतं, आणि लस न घेणं हे गैरवर्तन आहे असं सेवानियमांत शोधून सापडत नव्हतं. डिसेंबरअखेर तात्यांनी रक्तदाबाचं डॉक्टरी पत्र जोडलं. रक्तदाब हे लस नाकारण्याचं वैद्यकीय कारण नव्हे, उलट अशांना ती आधी द्यायची होती. पण कार्यालयाला फाइल बंद करायला एक कागद हवा होता, तो मिळाला. जानेवारीत थकबाकीसह पगार झाला.

आणि अक्का? त्यांनी १४ डिसेंबरला पहिला डोस घेतला. प्रमाणपत्राची प्रिंट काढून सुपरवायझरकडे गेल्या. तो म्हणाला, दोन डोस लागतात. कोविशिल्डच्या दोन डोसांत तेव्हा ८४ दिवसांचं अंतर होतं, म्हणजे दुसरा ८ मार्चला. त्यावर १४ दिवस धरले तर ‘पूर्ण लसवंत’ २२ मार्चला. राज्याने सगळे निर्बंध गुढीपाडव्यापासून, २ एप्रिल २०२२ पासून, उठवले. घंटागाडीवरची जागा तर डिसेंबरातच भरली गेली होती.

म्हणजे ज्याने नियम मानला नाही त्याला थकबाकी मिळाली आणि जिने उशिरा का होईना मानला तिची नोकरी गेली. लशीचा नियम दोघांना एकच होता. फरक आस्थापनेवर असण्या-नसण्याचा होता.

त्याच हिवाळ्यात सांगलीच्या एसटी स्टँडवर गाड्या उभ्या होत्या. एसटीच्या संपात राज्यभर निलंबनं झाली, बडतर्फ्या झाल्या, आणि प्रत्येकाच्या हातात आदेशाची प्रत होती. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत रुजू व्हा असं सांगितलं आणि रुजू होणाऱ्यांना महामंडळाने कामावर घेतलं. अक्कांची शेजारीण वाहक आहे. महिनोन्‌महिने कामावर न गेलेली ती परत गेली, आणि रोज कामावर जाऊ इच्छिणाऱ्या अक्का घरी.

कायद्याच्या दारात

अक्का माझ्याकडे आल्या त्या मे २०२२ मध्ये, टीव्हीवर बातमी ऐकून. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल दिला होता. न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांच्या पीठाने म्हटलं की घटनेच्या कलम २१ नुसार कुणावरही लस घेण्याची जबरदस्ती करता येणार नाही. समाजाच्या आरोग्यासाठी सरकार बंधनं घालू शकतं, पण ती प्रमाणात असायला हवीत. लस न घेतलेल्यांकडून संसर्ग जास्त पसरतो हे दाखवणारी माहिती राज्यांनी न्यायालयापुढे ठेवली नव्हती, त्यामुळे अशी बंधनं प्रमाणात आहेत असं म्हणता येत नाही. खासगी संस्थांसह सर्वांनी, रुग्णसंख्या कमी आहे तोवर, अशा अटींचा फेरविचार करावा, असंही सुचवलं.

“मग मला परत घेतील का?” हा अक्कांचा प्रश्न. निकालात त्याचं उत्तर नव्हतं. गेलेल्या नोकऱ्या परत द्या, असं न्यायालयाने म्हटलेलं नव्हतं. पुढच्या अटींबद्दलचं ते मार्गदर्शन होतं. आणि समजा त्या निकालाचा आधार घ्यायचा, तर आधी सिद्ध करावं लागणार होतं की अक्कांना लशीमुळेच काढलं. इथेच गाडी रुतली.

सहायक कामगार आयुक्तांपुढे ठेकेदाराचं म्हणणं एका वाक्याचं होतं: आम्ही काढलंच नाही, त्या स्वतःच यायच्या बंद झाल्या. कामगार प्रकरणांत वावरणाऱ्याला हे वाक्य पाठ असतं. कामावर न येणाऱ्याचं नाव बाजू ऐकून न घेता पटावरून उडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. यादव प्रकरणात १९९३ सालीच सांगितलं आहे. पण तिथे निदान पट होता. आम्ही कागद शोधायला बसलो. हजेरीपत्रकात २ डिसेंबरपासून नुसत्या रेघा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढल्याची नोंद मुलाच्या फोनवर होती, कारण नव्हतं. परिपत्रक अक्कांना उद्देशून नव्हतं. शेवटी ईपीएफओच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, संकेतस्थळावर त्यांचा यूएएन (निधीचा खातेदार क्रमांक) टाकून सेवेचा इतिहास उघडला. नोकरी सोडल्याची तारीख: १ डिसेंबर २०२१. कारणाच्या रकान्यात ठरीव पर्यायांपैकी एक निवडलेला: सेसेशन, शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे थोडक्या सेवेनंतर नोकरी थांबली. त्या यादीत मृत्यू आहे, निवृत्ती आहे, कायमचं अपंगत्व आहे. लस नाही, आणि ‘काढून टाकलं’ असंही काही नाही.

अनुचित कामगार प्रथांच्या १९७१ च्या कायद्याखाली तक्रार करायची मुदत ९० दिवस, ती मार्चच्या सुरुवातीलाच उलटली होती. विलंब माफ होऊ शकतो, पण नगरपरिषदेविरुद्ध तो रस्ता तसाही बंद होता: ठेक्यावरचा कामगार मूळ मालकाचा कामगार आहे की नाही यावरच वाद असेल तर या कायद्याखाली तक्रार चालत नाही, हे २००१ च्या सिप्ला आणि कल्याणी स्टील्सच्या निकालांनी ठरवलेलं आहे. उरला तेव्हाचा औद्योगिक विवाद कायदा. त्यात तीन वर्षांची मुदत होती, पण कामगार कपातीविरुद्धचं (रिट्रेंचमेंट) संरक्षण मिळवायला आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम लागतं. १ एप्रिल ते १ डिसेंबर हे मोजून २४५ दिवस. त्यातून ऑगस्टमधले आजारपणाचे बिनपगारी दिवस वजा केले की आकडा २४० च्या खाली. आदल्या ठेकेदाराकडचे दिवस धरले तर अक्कांची सात वर्षं भरतात, पण ते धरायचे तर ठेका हा नुसता देखावा होता, खरी मालक नगरपरिषद, हे सिद्ध करायला हवं. त्यात दहा वर्षं जातात. पुराचा गाळ काढताना झालेलं आजारपण त्यांच्याच २४० दिवसांतून वजा झालं, हे त्यांना समजावून सांगताना मला शब्द सापडत नव्हते. त्यांनी मात्र लगेच मान डोलावली. खाड्याचा हिशेब त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळतो.

ज्यांच्या हाती पत्र होतं त्यांचं काय झालं, हेही पाहू. न्यूयॉर्क शहराने ११ फेब्रुवारी २०२२ ला लस न घेतल्याबद्दल १४३० महापालिका कर्मचाऱ्यांना कमी केलं. कारण लिहिलेलं होतं, त्यामुळे त्यांतले अनेक न्यायालयांत जाऊ शकले, काहींच्या बाजूने निकालही लागले. शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये सक्ती उठवली तेव्हा मात्र कुणालाही आपोआप परत घेतलं नाही, नव्याने अर्ज करा म्हणून सांगितलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलिसांवरची लससक्ती बेकायदा ठरवली, कारण आदेश काढताना मानवी हक्कांचा योग्य विचार झाल्याचं पोलीस आयुक्तांना दाखवता आलं नाही. आपल्याकडे केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात सांगितलं होतं की हवाई दलात देशभरात नऊ जणांनी लस नाकारली, त्यांना कारणे दाखवा नोटिसा दिल्या आणि उत्तर न देणाऱ्या एकाला सेवेतून कमी केलं. न्यायालयात गेला तो नोटीस हातात असलेला जामनगरचा जवान. हे सगळे लोक जिंकले असं नाही. पण भांडायला त्यांच्याकडे काहीतरी होतं. भारतात लशीमुळे किती सरकारी कामगारांची नोकरी गेली असं कुणी विचारलं तर अक्का त्या आकड्यात कधीच येणार नाहीत, कारण त्यांच्या नावापुढे ‘शॉर्ट सर्व्हिस’ लिहिलेलं आहे.

तडजोड

जूनमध्ये आयुक्त कार्यालयात तडजोडीची बोलणी झाली. जुन्या ठेकेदाराचा ठेका मार्चमध्येच संपलेला, त्यामुळे परत घ्या म्हणायला जागाच उरली नव्हती. तो दीड महिन्याचा पगार द्यायला तयार झाला, अट एवढीच की ‘माझा कोणताही दावा शिल्लक नाही’ असं लिहून द्यायचं. मसुद्यात लशीचा शब्द नव्हता. मी म्हटलं, निदान एक ओळ घाला की २ डिसेंबरला प्रमाणपत्र नसल्याने कामावर घेतलं नाही. ठेकेदाराच्या वकिलांनी हसून नकार दिला. मी अक्कांना सही करू नका म्हणून सांगितलं: दाव्याची मुदत शिल्लक आहे, ठेका देखावा असल्याचा मुद्दा लढण्यासारखा आहे, संघटना खर्च उचलेल.

नव्या ठेकेदाराने त्यांना १ जुलैपासून घ्यायचं कबूल केलं होतं. गाडी तीच, गल्ल्याही त्याच. फक्त २४० दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून.

अक्कांनी सही केली. नंतर बाहेर रसवंतीवर बसल्यावर मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, “साहेब, पुढच्या एप्रिलात टेंडर परत त्यालाच लागलं तर मी कुठं जाऊ?”

२०२३ च्या एप्रिलमध्ये टेंडर त्यालाच लागलं. अक्का अजून घंटागाडीवर आहेत.